इंग्रजीला चढलेला देवळालीचा ताप

एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, हे सांगण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘तो डूलॅली झाला’ असे आजही सहज म्हटले जाते. हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा गोऱ्या सैनिकांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे, हे मात्र तो वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते.

देवळालीत ब्रिटिशांनी 1861 मध्ये लष्करी छावणी उभारली. मुंबईला रेल्वेने जोडलेल्या या छावणीत मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना ठेवले जाई. त्यांना नेणारी जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याच्या नोकरीची मुदत हंगाम सरल्यावर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत अनेक महिने तेथेच काढावे लागत. नोकरी संपलेली, घर हजारो मैल दूर आणि हाताला काम नाही, अशी ही अवस्था होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्‌स या सैनिकाने 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या छावणीविषयी लिहिले आहे. या सैनिकांपाशी शस्त्रे नसत; वेळ खायला उठे. वर्षानुवर्षे निष्कलंक चाकरी केलेले काही जण येथे गंभीर गुन्ह्यांत सापडत आणि घराऐवजी आधी तुरुंगात जात. चमत्कारिक वागणाऱ्यास ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणण्याचा प्रघात या कंटाळ्यातूनच पडला असावा, असे रिचर्ड्‌सचे मत होते.

यातील ‘टॅप’चा नळाशी संबंध नाही. तो उर्दूतून सैनिकांच्या बोलीत आलेला, मराठी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसलेला ‘ताप’! कालांतराने ताप गळाला आणि नुसते गाव उरले. येथील वेड्यांच्या इस्पितळामुळे शब्द रूढ झाला, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मात्र त्या छावणीत दिवस मोजणाऱ्यांच्या परिस्थितीशी रिचर्ड्‌सचा खुलासाच अधिक जुळतो. देवळालीच्या हवेला तर दोष देताच येणार नाही. प्रकृती सुधारण्यासाठी मुंबईकर याच गावी येत आले आहेत.

बीबीसीने 1974 ते 1981 या काळात दाखवलेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेचा आरंभीचा भाग देवळालीच्याच छावणीत घडतो. तेथे आता भारतीय लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे.