७७७६ की ३२६४? समीकरणांच्या उकली मोजताना काय चुकलं होतं?

वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त या वक्रांना गणितात 'शांकव' म्हणतात. समजा, कागदावर असे पाच शांकव काढले आहेत. या पाचही वक्रांना स्पर्श करणारे आणखी किती शांकव असू शकतात?

स्विस गणितज्ञ याकोब श्टायनर यांनी १८४८ मध्ये उत्तर दिलं: ७७७६. ते चुकीचं होतं.

७७७६ हा आकडा आला कुठून?

फ्रेंच गणितज्ञ एतिएन बेझू यांच्या नियमानुसार, बहुपदी समीकरणांच्या कोटींचा गुणाकार केला की त्यांच्या सामाईक उकलींची कमाल संख्या मिळते. रेषेची कोटी १, वर्तुळाची २. म्हणून रेषा वर्तुळाला जास्तीत जास्त १ × २ = २ बिंदूंत छेदते. पण एक अट आहे: उकली अनंत नसाव्यात.

एखाद्या शांकवाला स्पर्श करण्याची अट हे सहाव्या कोटीचं समीकरण असतं. अशा पाच अटी, म्हणजे ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७७७६.

मग चूक कुठे झाली?

एकच रेषा दोनदा घेतली, तर तिचं समीकरणही दुसऱ्या कोटीचंच होतं. अशी 'दुहेरी रेषा' वक्राला जिथे छेदते, तिथे दोनदा भेटते. त्यामुळे स्पर्शाची अट आपोआप पूर्ण होते. अशा रेषा अनंत आहेत, म्हणजे बेझूच्या नियमाची अटच मोडते. मिशेल शाल यांनी या खोट्या उकली वगळून १८६४ मध्ये खरा आकडा दिला: ३२६४. त्यात संमिश्र संख्यांमधल्या, म्हणजे कागदावर न दिसणाऱ्या उकलीही धरल्या आहेत.

संगणकाला या आकड्याचा काय उपयोग?

संगणक अनेकदा उकली माहीत असलेल्या सोप्या समीकरणांपासून सुरुवात करतो. ती हळूहळू बदलत हव्या त्या समीकरणांपर्यंत नेतो आणि प्रत्येक उकलीचा माग काढतो. एकूण किती सापडायला हव्यात हे माहीत असेल, तरच शोध संपला की नाही ते कळतं.

फ्लाइट सिम्युलेटरखालच्या सहा पायांच्या मंचाचंही असंच आहे. पायांची लांबी ठरली, तरी समीकरणांना साधारणपणे ४० उकली असतात. प्रोग्रॅमला ३८ सापडल्या, तर दोन निसटल्या हे फक्त त्या आकड्यामुळे समजतं.

पॉल ब्राइडिंग, बर्न्ड श्टुर्मफेल्स आणि साशा टिमे यांनी २०१९ मध्ये ३२६४ शांकव साधारण सेकंदभरात काढून दाखवले. सगळेच्या सगळे कागदावर काढता येतील, असे पाच शांकवही त्यांनी दिले.