ब्राह्मणबाईचे देऊळ

अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी राज्यात कोकिळा नावाची एक महाराष्ट्रीय ब्राह्मण स्त्री होती. तरुणपणीच तिला वैधव्य आले. लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला सतीच्या चितेपासून वाचविले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे ती त्याच्याचजवळ राहिली आणि ख्रिस्ती धर्माची ओळखही तिला त्याच्याचकडून झाली. तिने श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे बाप्तिस्मा मागितला. तंजावरच्या दरबारीही ज्याचा शब्द मानला जाई, त्या श्वार्ट्झने नकार दिला. विवाहावाचून चाललेला सहवास त्यास मान्य नव्हता. पण जीवदात्यास सोडावयाचे तरी कसे? पेच मोठा कठीण होता.

लिटल्टनच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, तिरुनेलवेलीनजीकच्या पाळयंकोट्टै येथे श्वार्ट्झनेच तिला बाप्तिस्मा दिला. कोकिळेची क्लोरिंडा झाली. तेथील मंडळीच्या १७८० च्या नोंदवहीत पहिले नाव तिचेच आहे. तिच्या पुढाकाराने बांधलेले चर्च १७८५ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. तिने जात टाकली, नावही टाकले. तमिळ लोक मात्र त्या चर्चला ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मणबाईचे देऊळ, म्हणू लागले.