मांजरीच्या अंगावरचे कोडे

काळे आणि नारिंगी ठिपके एकत्र असलेले मांजर आपण पाहतो, ते जवळजवळ नेहमी मादीच असते. असे का?

१९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी बर्ट्राम यांना मांजरांच्या चेतापेशींत, पण फक्त माद्यांच्याच, एक गडद ठिपका दिसला. १९६१ मध्ये इंग्लंडमधील मेरी लायन यांनी उंदरांच्या अभ्यासावरून त्याचा उलगडा केला. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक बंद होते. कोणते, हे योगायोगाने ठरते. तिच्यापासून होणाऱ्या पेशींतही तेच बंद राहते. नारिंगी रंगाचे जनुक एक्सवर असते, म्हणून अंगावर ठिपके उमटतात.

बंद गुणसूत्रावरील जनुके नष्ट होत नाहीत. झिस्ट नावाचा आरएनए गुणसूत्राला वेढतो, डीएनएला मिथिल गट चिकटतात आणि बहुतेक जनुके वाचलीच जात नाहीत.

२००१ मध्ये टेक्सासात एका तिरंगी मांजरीच्या पेशीपासून ‘सीसी’ ही प्रतिकृती जन्मली. जनुके तीच, पण नारिंगीचा मागमूस नाही! मूळ पेशीत बंद असलेले एक्स बंदच राहिले होते.

‘सर्व पेशींत जनुके सारखीच’ असे वर्गात सांगताना आपण पुढचा प्रश्नही विचारू या : त्यांपैकी चालू कोणती?