काकांचं सिमेंट, निजामाचा नाका आणि ई१

२०२५ च्या दिवाळीत सोयगावला गेलो, तर काका जरा गरमच होते. "तुझ्या त्या एक्सेलने मला गावात चोर ठरवलं!"

झालं असं होतं. काकांचं सिमेंटचं दुकान. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मीच त्यांना शीट करून दिली होती. अगदी सोप्पी. बी कॉलममध्ये मालाची किंमत, ई१ मध्ये टॅक्सचा दर २८%, आणि सी२ मध्ये फॉर्म्युला:

=बी२*$ई$१

(टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं!) डॉलरची खूण अशासाठी, की फॉर्म्युला खाली ओढला तरी ई१ जागचा हलू नये. डी२ मध्ये बेरीज, =बी२+सी२. "दर बदलला की फक्त ई१ बदला," असं मोठ्या ऐटीत सांगून मी पुण्याला निघून आलो.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. काकांनी सांगितल्याप्रमाणे ई१ बदलला. नवी बिलं बरोब्बर आली. पण एका ठेकेदाराने ऑगस्टच्या बिलाची कॉपी मागितली. मूळ बिल १०,००० अधिक २,८००, म्हणजे १२,८०० चं. प्रिंट निघाली ११,८०० ची. "काका, वरचे हजार कुठे गेले?" हे त्याने चार लोकांसमोर विचारलं. टॅक्स तर काकांनी सरकारजमा केलेला होता. पण आता सिद्ध कसं करणार?

चूक शंभर टक्के माझी. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणलं, तेव्हा त्यातली जादू हीच होती, की एक आकडा बदला, बाकीचे सगळे आपोआप बदलतात. अंदाजपत्रकाला ते उत्तम. झालेल्या विक्रीला मात्र घातक!

काकांनी मग पणजोबांची चोपडी माझ्यासमोर आपटली. प्रत्येक ओळीत आधी मिती, मग रक्कम. "यातला एक तरी आकडा मागाहून बदललाय का बघ."

आणि बदल त्या माणसाने काय कमी पाहिले? तेव्हा सोयगाव निजामाच्या राज्यात, आणि शेजारचं शेंदुर्णी इंग्रजांच्या खानदेशात. मध्ये सरहद्द, आणि सरहद्दीवर जकात. निजामाच्या त्या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. १८०२ च्या व्यापारी करारात हा दर शेकडा ५ ठरला होता. नाणंसुद्धा वेगळं. ७ हाली रुपये म्हणजे इंग्रजी ६. वर आणे-पै आहेतच, १९२ पैंचा एक रुपया. करा फॉर्म्युला!

१९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, १९५० मध्ये हैदराबाद राज्याचा विक्रीकर कायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १९५७ मध्ये नवे पैसे आले. १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता शेंदुर्णीच्या गिऱ्हाइकालाही सोयगावचाच हिशोब लागतो. १८ मधले ९ केंद्राचे, ९ राज्याचे.

थोडक्यात काय, दर हा नुसता आकडा नाही, त्याला तारीख चिकटलेली असते. ती मी शीटमधून गाळली होती.

मग त्याच रात्री दुरुस्ती केली. 'दर' नावाची दुसरी शीट उघडली. ए२ मध्ये १-७-२०१७, बी२ मध्ये २८%. ए३ मध्ये २२-९-२०२५, बी३ मध्ये १८%. बिलाच्या शीटमध्ये ए कॉलमला बिलाची तारीख होतीच. नवा फॉर्म्युला:

=बी२*व्हीलुकअप(ए२,दर!$ए$२:$बी$३,२,ट्रू)

शेवटच्या 'ट्रू'चा अर्थ असा, की नेमकी तारीख सापडली नाही तर तिच्या आधीची सगळ्यात जवळची घे. फक्त तारखा चढत्या क्रमानेच हव्यात. पुढे दर बदलला तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी लिहायची, आणि फॉर्म्युल्यातला ३ चा ४ करायचा.

जाता जाता अजून एक. टॅक्ससकट ११,८०० दिले असतील तर मूळ किंमत काढायला १८% वजा करू नका, ९,६७६ येतील. १.१८ ने भागा, १०,००० येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ऑगस्टचं बिल परत छापलं. १२,८००. चहासुद्धा न घेता ते ठेकेदाराकडे गेले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "आता तुझी चोपडी झाली."