आधी नळ्या, मग माणूस

पायाखाली ओला गाळ आहे. हा सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा मंगळ. पश्चिमेकडून एक नदी कडा फोडून आत शिरते आणि 45 किलोमीटर रुंदीच्या जेझेरो विवरातल्या तळ्याला मिळते. तिथे वेग मंदावला की गाळ खाली बसतो, थरावर थर चढत जातात. वाका, चिमूटभर चिखल उचला. त्यात काही जिवंत आहे का, हे डोळ्यांना दिसणार नाही. पुढे चला.

18 फेब्रुवारी 2021. नदी नाही, तळं नाही. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. वर दोरांना लटकलेला पर्सिव्हरन्स रोव्हर हळूहळू खाली येतो आणि चाकं टेकवतो. ही बातमी पृथ्वीवर पोहोचायला अकरा मिनिटं लागणार. तिकडे टाळ्या वाजतील तेव्हा इथली धूळ केव्हाच खाली बसलेली असेल.

आता डिसेंबर 2022, जेझेरोतलीच थ्री फोर्क्स नावाची जागा. रोव्हरच्या पोटाकडे नीट बघा. तिथून टायटॅनियमची एक सीलबंद नळी सुटते आणि मातीवर पडते. आत खडूएवढा दगड आहे. रोव्हर मात्र लगेच हलत नाही. हाताच्या टोकाचा कॅमेरा पोटाखाली वळवतो: नळी आडवीच पडली ना? चाकाच्या वाटेत तर नाही ना? फोटो पृथ्वीवर जातो, माणसं तो तपासतात, मगच पुढचा हुकूम येतो. जानेवारी 2023 संपेपर्यंत अशा दहा नळ्या नागमोडी रांगेत ठेवून होतात. सातांमध्ये दगड, एकीत माती, एकीत हवा. दहावीत नमुना नाहीच! ती साक्षीदार नळी. पृथ्वीवरून सोबत काय घाण आली असेल, ते कळावं म्हणून मुद्दाम आणलेली. ही दक्षता लक्षात ठेवा.

जुलै 2024. नेरेत्वा व्हॅलिस या सुकलेल्या नदीपात्रात चेयावा फॉल्स नावाचा तांबूस दगड आहे. त्यावर फिकट ठिपके, काळ्या कडांचे. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांमुळे पडू शकतात, तसेच जीवाविना होणाऱ्या रासायनिक क्रियांनीही. रोव्हरने याचाही नमुना घेतला. 2025 मध्ये शोधनिबंध आला, पण शास्त्रज्ञ ‘जीवसृष्टीची संभाव्य खूण’ यापुढे गेले नाहीत. पुढे जायचं तर पृथ्वीवरच्या प्रयोगशाळाच हव्यात, आणि ती नळी अजून रोव्हरच्या पोटात आहे.

मग माणूसच का पाठवू नये? डिसेंबर 1972 मध्ये चंद्रावर हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिकाला नारिंगी माती दिसली आणि त्याने जागच्या जागी खणायला घेतलं. तो आणि त्याचा सहकारी यूजीन सर्नन तीन दिवसांत गाडीतून सुमारे 36 किलोमीटर फिरले. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला 42 किलोमीटरसाठी अकरा वर्षं लागली. माणसाने मंगळावर जावंच, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आता कल्पनेतल्या सालात या. अंतराळवेश चढवून तुम्ही जेझेरोत उभे आहात. शंभर किलोचं ओझं इथे 38 किलोचं वाटतं. मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड आहे. हातोडीच्या एका घावात दगड दुभंगतो. रोव्हरला यासाठी अख्खा दिवस लागला असता. हातमोज्यावर बसलेल्या लाल धुळीत पर्क्लोरेट आहे, थायरॉइडला घातक. ती झटकून तुम्ही तळावर परतता, दार उघडता, आणि आतली थोडी हवा बाहेर निसटते. तिच्यासोबत तुमच्या श्वासातले, त्वचेवरचे जंतूही. उद्या त्या दगडात एखादी पेशी सापडली, तर ती मंगळाची की तुमची?

रोव्हरचे भाग निर्जंतुक करता येतात, माणूस नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नळ्या, मग माणूस. पण नळ्या आणणंही सोपं नाही. हे नमुने पृथ्वीवर आणण्याच्या योजनेला 11 अब्ज डॉलर आणि 2040 पर्यंतचा काळ लागेल, हे परवडणारं नाही, असं नासानेच 2024 मध्ये सांगितलं. चीनने आपले वेगळे नमुने आणण्यासाठी तियानवेन-3 मोहीम 2028 च्या सुमारास सोडायचं ठरवलं आहे. झेंडा कोण आधी रोवतो, याची चर्चा खूप होते. माझं म्हणणं एवढंच: जेझेरोतल्या नळ्या पृथ्वीवर येऊन तपासून होईपर्यंत त्या विवरात माणूस उतरवू नये.