प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्मा उपचारपद्धती : स्नायुरज्जू व अस्थिबंधांच्या दुखापतींवरील संशोधनाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
स्नायूला हाडाशी जोडणारी स्नायुरज्जू आणि हाडांना परस्परांशी जोडणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे त्यांच्या दुखापती सावकाश भरून येतात. रुग्णाचेच रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेट एकवटाव्यात व तो द्रव दुखऱ्या जागी टोचावा, ही पीआरपी उपचारपद्धतीमागील मूळ कल्पना होय. प्रस्तुत लेखात या विषयावरील संशोधनाचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, तुलनेची पद्धत बदलताच निष्कर्ष कसे बदलत गेले, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उगम :
१९७० च्या दशकात रक्तविज्ञानामध्ये पीआरपीचा उपयोग प्लेटलेटची संख्या घटलेल्या रुग्णांसाठी होत असे. १९७४ मध्ये रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेटलेटमधून बाहेर पडणारा घटक पेशींच्या वाढीस चालना देतो, असे दाखवून दिले. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या ८८ अस्थिरोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला व पीआरपीमुळे रोपित अस्थी लवकर परिपक्व होते, असा निष्कर्ष मांडला. येथून ही पद्धती अस्थिरोग व क्रीडावैद्यकाकडे वळली.

आशेचा कालखंड :
२००६ मध्ये मिश्रा व पावेल्को यांनी कोपराच्या जुनाट दुखण्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अवघे २० रुग्ण होते. १५ जणांना पीआरपी व ५ जणांना केवळ बधिरता आणणारे औषध देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर वेदनेत अनुक्रमे ६० व १६ टक्के सुधारणा आढळली. तथापि, त्यानंतर तुलनागटातील ५ पैकी ३ रुग्ण अभ्यासातून बाहेर पडल्याने पुढील तुलना शक्य झाली नाही. २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड यांनी गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीवर हा उपचार घेतल्याचे वृत्त आले आणि त्याला व्यापक प्रसिद्धी लाभली. पुरावा मर्यादित असतानाच उपचार लोकप्रिय झाला, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

कसोटीचा कालखंड :
२०१० मध्ये नेदरलँड्समधील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पीअरबूम्स व सहकाऱ्यांनी कोपराच्या १०० रुग्णांमध्ये पीआरपीची तुलना स्टेरॉइडशी केली, तेव्हा वर्षअखेर पीआरपी सरस ठरले. डी वोस व सहकाऱ्यांनी टाचेमागील अकिलीस स्नायुरज्जूच्या ५४ रुग्णांमध्ये तुलना सलाईनच्या इंजेक्शनशी केली. दोन्ही गटांना व्यायामही दिला होता. २४ आठवड्यांनी पीआरपी गटाच्या गुणांकात २१.७ ने, तर सलाईन गटात २०.५ ने वाढ झाली. म्हणजे उल्लेखनीय फरक राहिला नाही. स्टेरॉइडचा लाभ अल्पकाळ टिकतो व पुढे त्याचे परिणाम प्रतिकूल ठरू शकतात, हे ध्यानात घेता पहिल्या अभ्यासातील यश पीआरपीचे किती व स्टेरॉइडच्या उणिवेचे किती, हा प्रश्न उपस्थित होतो.

अस्थिबंधांबाबतही हेच घडले. मार्था मरे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डुकरांवरील प्रयोगातून, गुडघ्यातील अग्र क्रॉस अस्थिबंध टाके घालून जोडताना केवळ पीआरपी पुरेसे ठरत नाही, असे दाखविले. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये तुटलेल्या अकिलीस रज्जूच्या २३० रुग्णांवरील व २०२१ मध्ये तिच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवरील चाचण्यांत पीआरपी लटक्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. २०२१ च्या कॉक्रेन समीक्षेने ३२ अभ्यासांच्या आधारे कोपराच्या दुखण्याबाबतही असाच निष्कर्ष काढला.

मतभेदाची कारणे :
पीआरपी हे एकच ठरावीक औषध नाही. प्लेटलेटचे प्रमाण व श्वेतपेशींचे अस्तित्व यंत्रागणिक बदलते. म्हणूनच २००९ मध्ये डोहान एरेनफेस्ट व सहकाऱ्यांनी अशा द्रव्यांचे चार प्रकारांत वर्गीकरण सुचविले. मात्र ज्या अभ्यासांत मिश्रणाचा तपशीलच नोंदलेला नसतो, त्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणे कठीण जाते.

समारोप :
पीआरपी उपचारानंतर अनेक रुग्णांना बरे वाटते, हे खरे आहे. परंतु सलाईन टोचलेल्या रुग्णांनाही जवळपास तितकेच बरे वाटले, हेही तितकेच खरे आहे. काळ, व्यायाम आणि रुग्णाचा विश्वास यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय उपचाराचे श्रेय ठरविता येत नाही. उपचाराचा खर्च रुग्णाला सोसावा लागत असल्याने हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही. रुग्णसंख्या, तुलनागट व मिश्रणाची नोंद या तीन कसोट्यांवर प्रत्येक नवा दावा तपासणे, हाच या इतिहासाचा बोध होय.