हिरव्या कणांची कहाणी

पान हिरवे असते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु तो हिरवेपणा पानात रंगासारखा सर्वत्र माखलेला नसून चिमुकल्या कणांत साठविलेला असतो, हे समजावयास सूक्ष्मदर्शक यंत्र यावे लागले. १८३७ साली ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञाने या कणांचे बारकाईने वर्णन केले. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी यूलियुस झाक्स याने दाखविले की, पानातील स्टार्च याच कणांत तयार होतो, आणि तोही उजेड असेल तेव्हाच. मात्र प्राणवायू पेशीच्या नेमक्या कोणत्या भागातून बाहेर पडतो, हे कोणास सांगता येईना.

त्याचे उत्तर टेओडोर एंगेलमान याने जंतूंकडून वदवून घेतले. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे काम करणारा हा जर्मन शास्त्रज्ञ संगीताचाही मोठा षोकी होता. ब्राम्स या विख्यात संगीतकाराने आपली एक रचना त्यास अर्पण केली आहे. स्पायरोगायरा या शेवाळाच्या पेशीत हरितकण दाण्यासारखा नसून मळसूत्री फितीसारखा असतो. प्राणवायूवाचून ज्यांची हालचाल थांबते असे जंतू एंगेलमानने शेवाळाभोवतीच्या पाण्यात सोडले, आणि अंधारात ते निश्चल झाल्यावर प्रकाशाचा अगदी बारीक ठिपका पेशीवर टाकला. ठिपका फितीबाहेर पडला, तर जंतू जागचे हालत नसत. फितीच्या कडेला नुसता लागला, की तेथे त्यांची झुंबड उडे. १८८२ साली त्याने लोलकातून फाकलेला प्रकाश दुसऱ्या एका शेवाळाच्या तंतूवर पाडला. जंतू तांबड्या व निळ्या-जांभळ्या पट्ट्यांत दाटले, हिरव्या पट्ट्यात विरळच राहिले. प्राणवायू शोधण्याचे इतके स्वस्त उपकरण क्वचितच कोणी वापरले असेल!

तथापि ही फीत जिवंत पेशीतली होती. पेशीबाहेर काढलेला कण हे काम करील काय? केंब्रिजच्या रॉबर्ट हिल याने १९३७ साली पाने कुटून निराळे काढलेले हरितकण एका लोहक्षाराच्या द्रावणात ठेवून त्यांवर उजेड पाडला; प्राणवायू निघू लागला. मात्र कार्बन डायऑक्साइडपासून साखर काही बनेना. तेव्हा पानातील खरा व्यापार हा नव्हेच, असा संशय घेणारे निघाले. वस्तुतः या अपुऱ्या यशातच मर्म दडले होते. प्राणवायू निघणे आणि साखर बनणे ही दोन निराळी कामे होत, आणि प्राणवायू येतो तो पाण्यातून. १९५४ साली कॅलिफोर्नियात डॅनियल आर्नन व त्याच्या सहकाऱ्यांनी पालकाच्या हरितकणांकडून दोन्ही कामे पेशीबाहेर करवून घेतली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणाच्या आत नाण्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या चपट्या पिशव्या दाखविल्या. प्रकाश पकडून पाणी फोडण्याचे काम त्यांच्या पटलांवर चालते. साखरेची जुळणी भोवतीच्या द्रवात होते.

पेशी नवा हरितकण घडवीत नाही, जुना कणच दुभंगून नवा होतो, असे शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ मध्येच म्हटले होते. १९०५ साली मेरेझकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यापुढे जाऊन हे कण म्हणजे पेशीत वस्तीस आलेले परके जीव होत, असे प्रतिपादिले, तेव्हा फारसे कोणी ऐकून घेतले नाही. १९६२ साली रिस व प्लॉट यांना हरितकणात त्याचे स्वतःचे डीएनए आढळले. आज त्याचे गोत्र नील-हरित जंतूंशी जुळविले जाते.